लोखंड तेच, शेजार वेगळा : हायड्रोजनेज विकराची पार्श्वभूमी

१९२९ साली हान्स राइलेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांच्या साथीने एक संयुग तयार केलं. लोखंडाचे दोन अणू शेजारीशेजारी, त्यांना बांधून ठेवणारे गंधकाचे दोन अणू आणि भोवती कार्बन मोनॉक्साइडचे सहा रेणू. पुढची जवळजवळ सत्तर वर्षं हे संयुग रसायनशास्त्राच्या एका कोपऱ्यात पडून राहिलं. दोनच वर्षांनी, १९३१ मध्ये, केंब्रिजमध्ये मार्जरी स्टीफन्सन आणि लेनर्ड स्टिकलँड यांनी जिवाणूंमधल्या एका विकराला (एन्झाइमला, म्हणजे पेशीतली रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाला) 'हायड्रोजनेज' हे नाव दिलं. हायड्रोजनचा रेणू फोडणं किंवा जोडणं हे त्याचं काम. या दोन कामांचा एकमेकांशी संबंध आहे, हे उमगायला १९९८ साल उजाडावं लागलं.

आज या जुन्या गोष्टीकडे वळायचं कारण प्लॅटिनम. जस्तावर सौम्य आम्ल ओतून काढलेला हायड्रोजन आणि जळती काडी नेल्यावर होणारा 'फट्' आवाज शाळेतल्या प्रयोगामुळे बहुतेकांना आठवत असेल. तो हायड्रोजन धातू खर्ची घालून मिळतो. वीज वापरून पाण्यातून तो काढायचा, किंवा इंधनघटात तो वापरून पुन्हा वीज मिळवायची, तर प्रोटॉन झिरपू देणारं पटल असलेल्या आजच्या यंत्रांना क्रिया वेगाने घडवणारा उत्प्रेरक म्हणून प्लॅटिनम लागतं. जुन्या पद्धतीच्या अल्कली घटांत निकेल चालतं, पण कमी-जास्त होणाऱ्या सौर आणि पवन विजेशी जुळवून घेण्यात पटलाचे घट सरस ठरतात. प्लॅटिनम मात्र दुर्मीळ, महाग आणि बहुतांश दक्षिण आफ्रिकेतून येणारं. भारताच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला जानेवारी २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. तिच्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद आहे आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन बनवण्याचं उद्दिष्ट. हा आकडा वाचला की धातूचा प्रश्न किती मोठा आहे ते लक्षात येतं.

जिवाणूंनी हा प्रश्न आपल्या आधी अब्जावधी वर्षं सोडवून ठेवला आहे, तोही हायड्रोजनेजमध्ये लोखंड आणि निकेल वापरून.

स्टीफन्सन या कामाकडे वळल्या त्या नदीच्या पाण्यामुळे. बीटपासून साखर काढणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्याने ऊझ नदी दूषित झाली होती आणि तिच्यात किण्वन चालू होतं. (साखर कारखान्याची मळी नदीत उतरली की काय होतं, हे पंचगंगेकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको.) त्या गाळात कोण काय करतंय, याचा माग काढताना त्यांना दिसलं की काही जिवाणू हायड्रोजन वायूला सक्रिय करतात. हायड्रोजन दिला की या जिवाणूंच्या सान्निध्यात मेथिलीन ब्लू या रंगद्रव्याचा निळा रंग उडतो. साधी, डोळ्यांना दिसणारी परीक्षा. जिवाणूंचं जीवरसायन तेव्हा स्वतंत्र शाखा म्हणून नुकतं उभं राहत होतं आणि ते उभं करण्यात स्टीफन्सन यांचा मोठा वाटा होता. १९४५ मध्ये रॉयल सोसायटीने स्थापनेनंतर २८५ वर्षांनी प्रथमच स्त्रियांना फेलो म्हणून निवडलं. त्या दोघींपैकी एक स्टीफन्सन, दुसऱ्या कॅथलीन लाँसडेल.

विकराच्या पोटात कोणता धातू आहे हे कळायला फार वेळ लागला. लोखंडाचा अंदाज होता. निकेलचा नव्हता, कारण सजीवांच्या रसायनात निकेलला काही काम असेल असं कोणी धरूनच चाललं नव्हतं. ती समजूत मोडली एका शेंगेने. जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये युरिएज हे विकर जॅक बीनच्या दाण्यांतून स्फटिकरूपात वेगळं काढलं होतं. आपल्याकडच्या अबईची ही शेंग जवळची नातलग. विकर म्हणजे प्रथिन, हे त्यातून सिद्ध झालं आणि पुढे समनर यांना नोबेलही मिळालं. पण त्याच युरिएजमध्ये निकेल आहे, हे ऑस्ट्रेलियातल्या गटाने दाखवलं ते १९७५ मध्ये. त्यानंतर लोक निकेल शोधू लागले आणि १९८०च्या सुमारास ते हायड्रोजनेजमध्येही सापडलं.

सगळ्यात विलक्षण भाग यापुढचा आहे. १९९४ च्या सुमारास ॲमस्टरडॅमचे सिमॉन आल्ब्राख्त आणि त्यांचे अमेरिकी सहकारी हायड्रोजनेजवर अवरक्त किरण टाकून पाहत होते. वर्णपटात अशा जागी रेषा उमटल्या, जिथे प्रथिनाच्या रेषा येत नाहीत. १९९५ मध्ये ग्रनोबलच्या ह्वान फॉन्तेसिया-काम्प्स यांच्या गटाने निकेलवाल्या हायड्रोजनेजची क्ष-किरणांनी मिळवलेली रचना प्रसिद्ध केली. निकेलशेजारी आणखी एक धातू बसलेला दिसला. तो लोखंड असल्याचं पुढच्या वर्षी पक्कं झालं. त्या लोखंडाला तीन छोटे रेणू चिकटलेले होते. १९९७ मध्ये कोडं पूर्ण सुटलं : एक कार्बन मोनॉक्साइड आणि दोन सायनाइड.

दोन्ही जहाल विषं. कार्बन मोनॉक्साइड आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या लोखंडाला धरून बसतो, तर सायनाइड पेशीच्या श्वसनाचं शेवटचं विकर बंद पाडतं. तेच पदार्थ जिवाणू स्वतःच्या पेशीत मुद्दाम घडवतो आणि मोजून लोखंडावर बसवतो. या शेजारामुळे लोखंडाची इलेक्ट्रॉनी वागणूक बदलते. ते जड धातूंसारखं वागू लागतं, हायड्रोजनचा रेणू पकडतं आणि फोडतं. मला या सगळ्या इतिहासाचा गाभा इथेच दिसतो. स्वस्त धातू निकामी असतो असं नाही. त्याच्याभोवती कोण बसलंय यावर त्याची कुवत ठरते.

१९९८ मध्ये जॉन पीटर्स यांच्या गटाने दुसऱ्या जातीच्या हायड्रोजनेजची रचना मांडली. यात निकेल नाही. लोखंडाचे दोन अणू, मध्ये गंधकाचे दोन, भोवती कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइड. धातू-कार्बोनिल (धातूला कार्बन मोनॉक्साइड जोडलेल्या संयुगांच्या) रसायनात मुरलेल्या माणसांना चित्र पाहताक्षणी ओळख पटली : हे तर राइलेनच्या संयुगाचं भावंड! पुढच्याच वर्षी अमेरिकेत टॉमस राउखफुस आणि मार्सेटा डॅरेन्सबर्ग, तर इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर पिकेट, यांच्या गटांनी स्वतंत्रपणे तशाच जुन्या संयुगांतले दोन कार्बन मोनॉक्साइड काढून जागी सायनाइड बसवलं. दिसायला विकराचं हृदय हुबेहूब तयार झालं. ते चाललं मात्र नाही.

कुठे चुकलं, याचं उत्तर एका अणूत होतं. दोन गंधकांना जोडणाऱ्या पुलाच्या मधोमध कोणता अणू आहे, हे क्ष-किरणांच्या चित्रात ठरवता येत नव्हतं. कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यात एकेका इलेक्ट्रॉनचा फरक, त्यामुळे तिघेही जवळपास सारखेच दिसतात. वाद दहा-बारा वर्षं चालला. २०१३ मध्ये मार्क फॉन्तकाव्ह, व्हिन्सेंट आर्तेरो आणि सहकाऱ्यांनी तिन्ही पर्यायांची संयुगं प्रयोगशाळेत बनवली आणि रिकाम्या प्रथिनात एकेक बसवून पाहिली. नायट्रोजनवालं बसवल्यावरच विकर पूर्ण जोमाने जिवंत झालं. कारणही रसायनशास्त्राला पटणारं आहे. हायड्रोजनचा रेणू फुटताना त्याचे दोन सारखे तुकडे होत नाहीत. ऋण तुकडा लोखंड धरतं, धन तुकडा म्हणजे प्रोटॉन, आणि तो उचलायला वीतभर नव्हे, अणूभर अंतरावर कोणीतरी हवं. ते काम नायट्रोजन करतो.

अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ डॅनियल ड्युबॉइस यांनी या शेवटच्या पुराव्याची वाट पाहिली नव्हती. त्यांनी निकेलभोवती फॉस्फरसची कडी आणि त्या कडीत नायट्रोजन अशी रचना आखली. २०११ मध्ये अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेत अशा एका संयुगाने सेकंदाला एक लाखाहून अधिक हायड्रोजन रेणू बनवले. हा वेग विकरालाही मागे टाकणारा होता, पण त्यासाठी जादा व्होल्टेज मोजावं लागत होतं आणि द्रावक होता ॲसिटोनायट्रिल, साधं पाणी नव्हे. विकराला असा जादा व्होल्टेजचा भुर्दंड जवळपास पडतच नाही. ऑक्सफर्डचे फ्रेझर आर्मस्ट्राँग यांनी विकराचा पातळ थर ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडवर चढवून त्याची प्लॅटिनमशी थेट तुलना केली तेव्हा हे स्पष्ट दिसलं. फ्रान्समध्ये आर्तेरो यांच्या गटाने २००९ मध्ये ड्युबॉइस यांचीच रचना कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांवर बांधली आणि ती आम्लयुक्त पाण्यातही काम करू लागली.

ऑक्सिजनचा प्रश्न आणखी चिवट. दोन लोखंडवाली बहुतेक हायड्रोजनेज हवा लागताच मरतात. निकेलवाल्यांपैकी काही तग धरतात. त्यांच्या धातूकेंद्राशेजारच्या लोखंड-गंधकाच्या पुंजक्यात नेहमीपेक्षा एक गंधक कमी असतो, आणि त्यामुळे तो पुंजका आलेल्या ऑक्सिजनला पाणी करायला लागणारे जादा इलेक्ट्रॉन पुरवू शकतो. २०११ च्या रचनांनी हे दाखवलं. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मोनॅश विद्यापीठातून त्याहून पुढची बातमी आली : 'मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस' या जिवाणूचं 'हक' नावाचं विकर साध्या हवेतला हायड्रोजन वापरून वीज देतं. हवेत हायड्रोजनचं प्रमाण दहा लाखांत अर्ध्या भागाएवढं आहे.

तरीही विकर उचलून थेट कारखान्यात बसवता येत नाही. प्रथिनाचा रेणू अवाढव्य असतो, त्यामुळे इलेक्ट्रोडच्या तेवढ्याच जागेवर काम करणारी केंद्रं फार थोडी मावतात. शिवाय पेशीत जुनं विकर मोडतं आणि त्याच्या जागी नवं घडतं. इलेक्ट्रोडवर ती सोय नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साहाय्याने बनलेली हायड्रोजनवरची बस दाखवली गेली. तिच्यासारख्या गाडीला खडबडीत रस्त्यावर हजारो तास टिकणारा घट लागतो. लोखंड-निकेलच्या नव्या संयुगांना अजून तो टप्पा गाठायचा आहे.

आता संशोधकांचं लक्ष धातूपासून आणखी एक पाऊल बाहेर, भोवतालच्या प्रथिनाकडे गेलं आहे. कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये अभिषेक डे हायड्रोजनेजची नक्कल करणाऱ्या संयुगांवर काम करतात. अमेरिकेत असताना अर्णब दत्ता यांनी वेंडी शॉ यांच्याबरोबर ड्युबॉइस यांच्या निकेल संयुगाला आर्जिनिन हे अमिनो आम्ल जोडून त्याची क्षमता वाढवली होती. आता ते पवईच्या आयआयटीत आहेत. तिथे त्यांचा गट कोबाल्टच्या साध्या संयुगांना नैसर्गिक अमिनो आम्लं जोडतो. त्यामुळे संयुग पाण्यात विरघळतं, प्रोटॉनला ये-जा करायला वाट मिळते आणि ऑक्सिजन असतानाही हायड्रोजन बनत राहतो.