बीपीडी: छत्तिसाव्या आठवड्याची रेघ

बीपीडी म्हणजे ब्रॉन्कोपल्मनरी डिस्प्लेसिया, वेळेआधी जन्मलेल्या बाळांचा फुफ्फुसांचा दीर्घकाळ चालणारा आजार. १९६७ मध्ये त्याचं पहिलं वर्णन आलं, तेव्हाची बाळं गर्भारपणाच्या साधारण ३२ ते ३४ आठवड्यांना जन्मलेली होती. व्हेंटिलेटरचा दाब आणि दिवसचे दिवस चढा ऑक्सिजन यांनी त्यांच्या फुफ्फुसांत व्रण पडत. पुढे आईला प्रसूतीआधी स्टेरॉइड आणि बाळाला सर्फॅक्टंट (वायुकोश मिटू न देणारा पदार्थ) देणं सुरू झालं, व्हेंटिलेटरही सौम्यपणे चालवले जाऊ लागले. ती बाळं बरीचशी सावरली. पण २४-२५ आठवड्यांची बाळंही आता जगू लागली आणि आजाराचं रूप पालटलं: व्रण कमी, मात्र वायुकोश मोजके आणि मोठे. म्हणजे फुफ्फुसाची वाढच अडलेली.

व्याख्येचा गुंता इथूनच वाढला. जुना निकष २८ दिवस ऑक्सिजन लागण्याचा. पण २४ आठवड्यांचं बाळ २८ व्या दिवशी जेमतेम २८ आठवड्यांचं होतं. त्याला ऑक्सिजन लागणारच. म्हणून १९८८ मध्ये पर्याय पुढे आला: आईच्या शेवटच्या पाळीपासून मोजलेले ३६ आठवडे भरतात तेव्हा ऑक्सिजन चालू आहे का, ते पाहा. पहिल्या दोन वर्षांतल्या श्वसनाच्या तक्रारींचा अंदाज त्यावरून अधिक चांगला येत होता.

तरी ऑक्सिजन 'लागतो' हे ठरवायचं कुणी? एका विभागात ८८ टक्के सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) चालतं, दुसऱ्यात ९५ हवं. तेच बाळ एकीकडे आजारी, दुसरीकडे निरोगी! २००४ च्या सुमारास यासाठी चाचणी आली: ऑक्सिजन दोन-दोन टक्क्यांनी साध्या हवेपर्यंत उतरवायचा आणि मग अर्धा तास मॉनिटरवर नजर ठेवायची. सॅच्युरेशन ९० च्या खाली गेलं नाही, तर बीपीडी नाही.

त्याआधी, २००१ मध्ये, तीव्रतेच्या पायऱ्या ठरल्या होत्या. २८ दिवस ऑक्सिजन लागला पण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत सुटला, तर 'सौम्य'. २०१९ च्या मांडणीने ही पायरीच काढून टाकली. त्या आठवड्यात श्वासाला कोणता आधार आहे, नाकातली ऑक्सिजनची नळी, सीपॅप (मास्कवाटे सतत हलक्या दाबाने दिलेली हवा) की व्हेंटिलेटर, एवढंच आता बघायचं. मोठ्या आजारपणाचा अंदाज बांधायला हे सोयीचं आहे, यात शंका नाही. पण महिनाभर ऑक्सिजनवर काढलेल्या बाळाच्या डिस्चार्ज कार्डावर त्याची खूण उरत नाही, हे मला पटत नाही.

कारण शाळेच्या वयात स्पायरोमेट्री (फुंकून फुफ्फुसाची क्षमता मोजणारी चाचणी) केली, की बीपीडीचा शिक्का नसलेल्या कमी दिवसांच्या मुलांतही एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात जोराने बाहेर सोडलेली हवा) पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा सरासरीने कमी भरतो; शिक्का असलेल्यांत आणखी कमी. फुफ्फुसाची क्षमता विशीच्या आसपास शिखरावर पोचते, नंतर सगळ्यांचीच उतरते. या मुलांची उतरण मुळात खालून सुरू होते. धावताना त्यांना धाप लागली, तर बहुतेक वेळा दम्याचा पंप हाती येतो. दम्यात सहसा दिसणारी ॲलर्जीची सूज यांच्यातल्या अनेकांत नसते. बाळ किती आठवड्यांचं जन्मलं, हा प्रश्न मात्र तेव्हा क्वचितच विचारला जातो.