नाताळ, पाहुणे आणि अडलेला बोनस : ‘ख्रिसमस व्हेकेशन’ची पार्श्वभूमी

नातेवाइकांनी भरलेल्या घरात सणाचा कसा विचका होतो हे दाखवणारा ‘नॅशनल लॅम्पून्स ख्रिसमस व्हेकेशन’ हा विनोदी चित्रपट १ डिसेंबर १९८९ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. पटकथाकार जॉन ह्यूज यांनी ‘नॅशनल लॅम्पून’ या विनोदी मासिकात १९८० साली लिहिलेली ‘ख्रिसमस ५९’ ही कथा त्याच्या मुळाशी आहे. याच ग्रिसवोल्ड कुटुंबावरचे दोन चित्रपट १९८३ आणि १९८५ मध्ये येऊन गेले होते; त्यांत कुटुंब प्रवासाला निघते, या तिसऱ्यात ते घरीच राहते आणि प्रवास पाहुणे करतात.

सगळ्यांनी एका घरात जमून नाताळ करायचा, ही रीत अमेरिकेत मुळीच सनातन नाही. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन (कर्मठ प्रोटेस्टंट) वसाहतीने १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवला होता आणि तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. मुलाबाळांचा घरगुती नाताळ रुजला तो एकोणिसाव्या शतकात. १८८२ मध्ये एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी न्यूयॉर्कमधील आपल्या घरी नाताळच्या झाडावर विजेचे ८० दिवे लावले. चित्रपटातील कुटुंबप्रमुख क्लार्क ग्रिसवोल्ड घरावर २५,००० दिवे चढवतो आणि ते पेटताच आजूबाजूची वस्ती अंधारात जाते. भारनियमनाचे उन्हाळे काढलेल्या मराठवाड्याला हा विनोद अंमळ जवळचा वाटावा.

मराठवाड्यातही मराठी ख्रिस्ती समाजाची जडणघडण त्याच शतकात झाली. निजाम राजवटीत रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती उभारली. मराठी ख्रिस्ती घरांतल्या नाताळात केकच्या शेजारी करंज्या आणि शंकरपाळे असतात, आणि पुण्या-मुंबईला गेलेली माणसे गावी परततात. त्यामुळे दोन्हीकडचे सासू-सासरे एका छताखाली आल्यावर होणारी कुरबूर, किंवा क्लार्कचा चुलत साडू एडी न कळवता बायकामुलांसह दारात येऊन मुक्काम ठोकतो तो प्रसंग, येथील प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नाही. समजावून सांगावा लागतो तो बोनस.

आपल्याकडे १९६५ च्या बोनस कायद्याने पात्र कामगाराला किमान बोनस देणे मालकाला बंधनकारक झाले; ही किमान मर्यादा पुढे ८.३३ टक्के झाली. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यांत तो दिवाळीपूर्वी अपेक्षित असतो आणि कमी वाटला तर त्यावर वाटाघाटी होतात. अमेरिकेत खासगी मालकावर नाताळचा बोनस देण्याची अशी कायदेशीर सक्ती नाही. बहुतेक ठिकाणी तो त्याच्या मर्जीचा भाग असतो. क्लार्क नेमका याच मर्जीवर विसंबून पोहण्याच्या तलावासाठी ७,५०० डॉलरचा आगाऊ धनादेश देऊन बसतो, आणि बोनसच्या पाकिटातून निघते ते दरमहा एक जेली पाठवणाऱ्या मंडळाचे वर्षभराचे सदस्यत्व. त्याचा संताप नातेवाइकांवर वर्षानुवर्षे साचलेला नसून मालकावरचा आहे, आणि एडी त्या मालकालाच पळवून घरी आणतो, म्हणून शेवटचा गोंधळ निव्वळ आदळआपट राहत नाही. माझ्या मते चित्रपटाचा सर्वांत टोकदार भाग हाच आहे.

दिग्दर्शनाची जबाबदारी आधी ख्रिस कोलंबस यांच्याकडे होती. नायक चेव्ही चेस यांच्याशी न जमल्याने ते बाजूला झाले आणि चित्रपट जेरेमाया चेचिक यांनी पूर्ण केला. ह्यूज यांनी मग कोलंबस यांना दुसरी पटकथा दिली; तिच्यातही नाताळला घर नातेवाइकांनी भरलेले आहे आणि निघण्याच्या धांदलीत एक मुलगा मागे राहतो. तो ‘होम अलोन’ १९९० मध्ये आला.