गावकरी (कोमुनिदाद)

गावकरी म्हणजे गावचा कारभार गावानंच चालवायची गोव्यातली जुनी पद्धत, पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीची. कोमुनिदाद हे नाव पोर्तुगीजांनी दिलं, सरकारी कागदांवर आजही तेच चालतं. ज्यांनी गाव वसवलं त्यांचे वंशज ते गावकर, त्यांच्या घराण्यांना वांगड म्हणतात. जमीन कुणा एकाची नाही, सगळ्या गावकरीची, शेतं ठराविक मुदतीसाठी पावणी करून म्हणजे लिलावात कसायला द्यायची, आलेल्या पैशातून सारा, देऊळ, बांध यांचा खर्च भागवायचा आणि उरेल ते गावकरांत वाटायचं, त्या वाट्याला जोण म्हणतात.

हे का टिकलं ते खाजनात, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या सखल शेतात, उभं राहिलं की कळतं. खाडीच्या काठाला मातीचा बांध, त्यात मानस, म्हणजे लाकडी दारं. ओहोटीला आतलं पाणी ढकलून दारं उघडतात, भरतीला खारं पाणी दाबून बंद करतं. पण बांध एका जागी फुटला तर सगळ्यांच्याच भातात खारं पाणी शिरतं, त्यामुळे दुरुस्ती एकट्याचं काम नाहीच, सगळ्या गावाचं.

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये तिसवाडी, म्हणजे आजच्या पणजीच्या आसपासचा भाग, घेतली आणि 1526 मध्ये आफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्यानं गावकरीचे रिवाज लिहून काढले, त्या सनदेला फोराल म्हणतात. बरेच जण हे रिवाजांचं संरक्षण मानतात, मला ते अर्धंच खरं वाटतं. राज्यकर्त्यांना हवा होता सारा आणि तो वसूल करून देणारी यंत्रणा आयतीच मिळाली. पुढं देवळं पाडली तेव्हा देवळांच्या जमिनी चर्चकडे वळवल्या, म्हणजे गावकरी राहिली पण ती ज्या देवाभोवती बांधलेली होती तोच काढून घेतला.

दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळी गावानं हे मानलं नाही. जुलै 1583 मध्ये तिथल्या लोकांनी पाच जेझुइट पाद्र्यांना मारलं, मग पोर्तुगीजांनी बोलणी करायची म्हणून 16 गावकर प्रमुखांना आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथंच ठार केलं, एक जण तेवढा निसटला असं सांगतात. नंतर गावची जमीनही काढून घेतली. आपल्याकडे शाळेत हे कितीतरी वर्षं शिकवलंच नाही याचं खरंच वाईट वाटतं.

गावकरीत सगळं छान होतं असंही नाही. हक्क फक्त पुरुष वंशजांना, बायका, कुळं, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारे) सगळे बाहेर. म्हणून मुक्तीनंतर 1964 चा कूळ कायदा आणि 1975 चा मुंडकार कायदा आले ते कसणाऱ्यांच्या आणि राहणाऱ्यांच्या दृष्टीनं न्यायाचेच होते, जरी त्यानं गावकरीच्या हातातली बरीचशी शेती गेली.

खरी अडचण वेगळीच आहे. 1904 आणि मग एप्रिल 1961 मध्ये पोर्तुगीजांनी कोमुनिदादींसाठी संहिता केली, त्यात गावकरांवर सरकारी ॲडमिनिस्ट्रेटर बसवला. त्याच वर्षी 19 डिसेंबरला गोवा मुक्त झाला पण संहिता राहिली, पुढं दुरुस्त्या झाल्या तरी पाया तोच. गावचा कारभार निवडून आलेली ग्रामपंचायत बघते, जमीन मात्र कोमुनिदादीची. त्यामुळे टेकडीवर अतिक्रमण झालं की लोक आधी पंचायतीत जातात, तिथून कोमुनिदादीकडे, तिथून ॲडमिनिस्ट्रेटरच्या ऑफिसात.