शंभर टक्के निकालामागचे गणित

दहावीचा निकाल लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी शाळांच्या दारावर फलक झळकतो : ‘शाळेचा निकाल १०० टक्के’. राज्यातल्या नऊ विभागीय मंडळांत कोकण पहिले, ही बातमी तर दरवर्षीचीच. २०२३ साली ९८.११ टक्के, २०२४ साली ९९.०१, २०२५ साली ९८.८२. या यशामागची मुलांची आणि शिक्षकांची मेहनत खरी आहे. पण फलकावर एक आकडा लिहायचा राहून जातो, तो म्हणजे पट. आणि पट कळल्याशिवाय टक्केवारीचा अर्थ लागत नाही.

खाडीपलीकडच्या एखाद्या गावातली शाळा घ्या. घरे चाकरमान्यांची, बिऱ्हाडे मुंबईला, दहावीत मुले बारा. दुसरी शाळा तालुक्याच्या गावी, तिथे दहावीला तीनशे. दोन्हीकडे शिकवणे सारखेच चांगले, प्रत्येक मूल उत्तीर्ण होण्याची संभाव्यता ०.९८, आणि एकाचा निकाल दुसऱ्यावर अवलंबून नाही, असे धरू. बाराच्या बारा मुले पास होण्याची संभाव्यता ०.९८ चा बारा वेळा गुणाकार, म्हणजे सुमारे ०.७८. साधारण पाचांपैकी चार वर्षे फलक लागणार. तीनशेच्या शाळेत हीच संभाव्यता हजारात दोन-तीन इतकी उरते. तिथल्या शिक्षकांनी जीव ओतला तरी तो फलक त्यांच्या नशिबी जवळजवळ नाहीच. उलट बाराच्या शाळेत एक मूल नापास झाले की निकाल थेट ९१.६७ वर येतो, आणि ‘यंदा शाळा घसरली’ अशी चर्चा पारावर सुरू होते. शाळा होती तशीच असते. घसरतो तो फक्त आकडा.

लहान संख्येचा हा हेलकावा गणितात मांडला गेला त्याला तीनशे वर्षे झाली. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितींच्या पत्रव्यवहारात अर्धवट राहिलेल्या जुगाराच्या डावातले पैसे कसे वाटायचे हा प्रश्न होता, तिथून संभाव्यतेची शिस्तशीर मांडणी सुरू झाली. स्विस गणिती जेकब बर्नोली याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १७१३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगांची संख्या वाढवत नेली की निरीक्षणातले प्रमाण खऱ्या संभाव्यतेच्या जवळ जाते, हे त्याने त्यात सिद्ध केले. द म्वाव्र या फ्रेंच गणितीने पुढे दाखवले की हेलकावा संख्येच्या वर्गमुळाच्या हिशेबाने आवरतो : पट चौपट झाला तर टक्केवारीतली चढउतार निम्मी होते. शाळाशाळांची तुलना करणाऱ्या प्रत्येकाने हे एक वाक्य तरी जवळ ठेवावे.

विभागांच्या तुलनेतही पट विसरला जातो. कोकण मंडळात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे आहेत. रायगड, ठाणे, पालघर मुंबई विभागात मोडतात. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या कोकणात सर्वांत कमी. त्यामुळे नऊ विभागांच्या टक्केवाऱ्या मिळवून नऊने भागले तर राज्याचा निकाल येत नाही. प्रत्येक टक्केवारीला तिच्या पटाचा भार द्यावा लागतो, आणि तसा दिला की कोकणच्या ९९ टक्क्यांनी राज्याचा आकडा जेमतेम हलतो.

गुणांतही योगायोगाचा वाटा असतो, हे एकोणिसाव्या शतकातच तपासले गेले होते. १८८८ मध्ये फ्रान्सिस एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने परीक्षांच्या सांख्यिकीवर निबंध लिहिला. लॅटिन गद्याची एकच उत्तरपत्रिका २८ परीक्षकांनी तपासली, तेव्हा गुण ४५ पासून १०० पर्यंत पसरले. एका गुणाने हुकलेल्या मुलाला आपण काय सांगतो, याचा विचार करताना मला हा प्रसंग नेहमी आठवतो.

आपल्याकडे हे शास्त्र शाळेआधी शेतात आले. भाताचे पीक किती आले हे पूर्वी नजर अंदाजाने ठरायचे. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, त्यावरून आणेवारी, आणि दशमान नाणी आल्यावर पैसेवारी. नजरेचा हा अंदाज माणसागणिक बदलतो. १९४० च्या दशकात सांख्यिकीतज्ज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीक कापणी प्रयोगांची पद्धत घडवली. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. शेत यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे, निवडायचे, त्यातला तुकडाही तसाच आखायचा, मग कापून, झोडून वजन करायचे. तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसते, हे त्यांनी दाखवले. कारण कापणी केलेल्या कुणालाही पटेल असे आहे : कडेची लोंबी आत की बाहेर असा प्रश्न पडला की हात तिला आत ओढतो, आणि तुकडा जितका लहान तितकी कड जास्त.

समुद्राचेही तसेच. मिरकरवाडा, हर्णै, मालवण अशा बंदरांवर रोज उतरणारी सगळी मासळी कोण मोजणार? केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था त्यासाठी स्तरित नमुना पद्धत वापरते. किनाऱ्याचे विभाग पाडायचे, त्यांतून बंदरे आणि दिवस यादृच्छिक निवडायचे, त्या दिवशी आलेल्या काही होड्यांची मासळी नोंदवायची आणि त्यावरून अंदाज बांधायचा. बांगडा यंदा कमी लागला की जास्त, हे सरकारला या हिशेबातून कळते.

आणि याच किनाऱ्यावर, गोव्यात, १९०७ मध्ये दामोदर धर्मानंद कोसंबी जन्मले. इतिहासकार म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत, पण ते मुळात गणिती. तक्षशिलेला सापडलेली आहत, म्हणजे ठसे ठोकून पाडलेली, प्राचीन नाणी त्यांनी एकेक करून तोलली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते, म्हणून चलनात जास्त काळ राहिलेल्या नाण्यांचे सरासरी वजन उतरते आणि वजनांमधला फरकही वाढत जातो. मध्य (सरासरी) आणि विचलन (वजनांमधला फरक) या दोनच गोष्टींवरून कुठली नाणी आधीची, कुठली नंतरची हे त्यांनी लावले. हे अनुमान ताडून पाहण्यासाठी त्यांनी आपल्या काळातली चालू नाणीही तोलली होती.

दहावीच्या गणित भाग १ मध्ये, २०१८ पासूनच्या पुस्तकात, संभाव्यता पाचवे आणि सांख्यिकी सहावे, म्हणजे शेवटचे प्रकरण आहे. तिथवर पोचेपर्यंत सराव परीक्षा डोक्यावर आलेल्या असतात. मग फासा, पत्ते आणि वर्गांतरांचे तक्ते भराभर उरकले जातात, सूत्रे पाठ होतात. मध्य, मध्यक, बहुलक काढता येतात, पण कशासाठी काढायचे हे विचारायला वेळ उरत नाही. किनाऱ्यावरच्या शाळेला तरी उदाहरण शोधत लांब जावे लागत नाही. लिलावाच्या वेळी बंदरावर जाऊन पन्नास बांगड्यांची वजने घेता येतात. आपल्याच शाळेचे गेल्या दहा वर्षांचे निकाल कपाटातल्या नोंदवहीत असतात, प्रत्येक वर्षाच्या पटासकट.