देहरादूनच्या अकादमीमागे नागपूरही आहे

बर्डीचा मुंजे चौक नागपुरात कुणाला सांगावा लागत नाही. पण ज्यांच्या नावाचा तो चौक, त्या डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांचा देहरादूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीशी असलेला संबंध फारच थोड्यांना ठाऊक आहे, याची खंत वाटते.

पहिल्या महायुद्धात लाखो भारतीय शिपाई लढले. त्यांना हुकूम देणारे अधिकारी मात्र जवळपास सगळे इंग्रज. युद्ध संपता संपता सरकारने इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत भारतीयांना जागा दिल्या. वर्षाला फक्त दहा! तिथला खर्च अवाढव्य, मुलूख परका, त्यामुळे बरेच जण अर्ध्यातच गळाले. १९२६ साली सरकारनेच नेमलेल्या स्कीन समितीने १९३३ पर्यंत भारतातच अकादमी काढा, असं सुचवलं. सरकारने ते टाळलं. खरी अडचण पैशांची नव्हतीच. भारतीय वरिष्ठाच्या हाताखाली गोऱ्याने काम करायचं, हेच पचनी पडत नव्हतं.

मुंजे पेशाने डॉक्टर, बोअर युद्धात वैद्यकीय पथकात जाऊन आलेले. हिंदू महासभेच्या त्यांच्या राजकारणाला विरोध करणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण सैन्याच्या भारतीयीकरणाचा त्यांनी धरलेला आग्रह मोलाचाच मानावा लागेल. पहिल्या गोलमेज परिषदेत ते संरक्षण उपसमितीवर होते. भारतात लवकरात लवकर लष्करी महाविद्यालय काढावं, अशी शिफारस तिथे झाली. मग १९३१ मध्ये सरसेनापती चेटवूड यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिच्यातही मुंजे होते.

दर सहामाहीला चाळीस जणांना प्रवेश द्यायचं ठरलं: पंधरा खुल्या परीक्षेतून, पंधरा सैन्यातल्या शिपायांमधून, आणि दहा जण संस्थानांच्या फौजांतून. १ ऑक्टोबर १९३२ ला रेल्वे स्टाफ कॉलेजच्या जुन्या इमारतीत वर्ग भरले आणि १० डिसेंबरला चेटवूड यांच्या हस्ते रीतसर उद्घाटन झालं. परीक्षेतून आलेल्या त्या पहिल्या पंधरांत सॅम माणेकशा सहावे होते. त्यांच्याच तुकडीतले मोहम्मद मूसा पुढे पाकिस्तानचे आणि स्मिथ डन ब्रह्मदेशाचे सेनाप्रमुख झाले.

तरी भेदभाव सुटला नाही. देहरादूनहून निघालेल्यांना सँडहर्स्टवाल्यांपेक्षा पगार कमी, आणि सुरुवातीला प्लाटूनचंच, म्हणजे छोट्या तुकडीचंच काम.

शाळेतूनच तयारी झालेली मुलं हवीत, हे मुंजे यांनी ओळखलं होतं. १९३७ मध्ये त्यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढलं. नागपूरची शाखा पुष्कळ वर्षांनी निघाली.