जहाजावरची दोन ‘ड्रिंक फ्री’: एक मेसचा महिना, दुसरं मेसचं कुपन

सिंगापूरहून निघालेल्या जहाजावर, पहिल्याच संध्याकाळी, माझ्या मेहुण्यानं दुसऱ्या ग्लासाची पावती डोळ्यांजवळ नेली आणि माझ्यापुढं सरकवली. “दाजी, ह्यात पैसे कापलेत की. एजंट तर ड्रिंक फ्री हाय म्हनला होता.”

शेजारच्या टेबलावर पुण्याचं एक जोडपं होतं. त्यांनाही कुतूहल वाटलं, त्यांनी आपली पावती दाखवली. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. त्यांच्या पावतीवर ग्लासाची किंमत 12 डॉलर, खाली तेवढीच वजावट, एकूण 0.00, आणि त्याखाली जास्तीची टिप लिहायला एक रिकामी ओळ. आमच्या पावतीवर 12.00, त्यावर 18 टक्के सेवाशुल्क 2.16, एकूण 14.16. बारवाल्यानं स्क्रीन आमच्याकडं वळवली: 100 डॉलरमधले 71.68 शिल्लक.

त्यांच्याकडं होतं ड्रिंक पॅकेज, म्हणजे दिवसाचे ठरलेले पैसे भरले की ग्लासागणिक बिल नाही. आमच्याकडं होतं ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे जहाजावर खर्चायला खात्यावर टाकलेली रक्कम. एजंटाच्या व्हॉट्सॲप मेसेजमध्ये लिहिलं होतं, ‘ड्रिंक्स फ्री (100 डॉलर)’. कंसातला आकडा आम्ही दोघांनीही वाचला होता. म्हणजे एवढ्या किमतीचं पॅकेज आपल्याला मोफत मिळतंय, असा आमचा समज. आपल्याकडं सहलीलाच पॅकेज म्हणतात, त्यामुळं ‘पॅकेजमधलं ड्रिंक’ आणि ‘ड्रिंकचं पॅकेज’ यांची सरमिसळ होणारच.

ज्या घरातलं लेकरू नीटच्या तयारीला लातूरला ठेवलंय, त्यांना हे एका वाक्यात कळेल. ड्रिंक पॅकेज म्हणजे मेसचा महिना. ऑनबोर्ड क्रेडिट म्हणजे कुपनाचं बुक. महिना भरला की ताटात किती वाढून घेतलं हे कोणी मोजत नाही. कुपन असलं की प्रत्येक जेवणाला एक फाटतं, आणि संपलं की खिशात हात घालायचा.

पण जहाजाच्या मेसमध्ये एक गोष्ट नाही: खाडा. लातूरची मेसवाली मावशी, आधी सांगून चार दिवस गावाकडं गेलात तर तेवढे पैसे वळते करून देते. जहाज देत नाही. पॅकेज माणशी, दर दिवसाच्या हिशोबानं, पूर्ण सफरीसाठीच घ्यावं लागतं. पहिल्या दिवशी तुम्ही दुपारी चढता, तो दिवस पूर्ण धरला जातो. मधे जहाज पेनांग किंवा फुकेतला लागलं, सकाळी उतरलात, संध्याकाळी दमून परत आलात, तरी तोही पूर्ण. बाहेर शहाळं प्यायलात ते तुमचं तुम्ही. म्हणून ज्या सफरीत बंदरं जास्त, तिथं पॅकेज महाग पडतं, आणि ज्यात नुसतं पाणीच पाणी, तिथं ते वसूल व्हायची शक्यता जास्त.

मेसचा दुसरा नियम मात्र जहाजावर जसाच्या तसा आहे, उलट जास्त कडक: पाहुणा फुकट जेवणार नाही. तुमच्या पॅकेजवर दुसऱ्याला ग्लास देता येत नाही. साधारणपणे एका वेळी एकच ग्लास मिळतो, तोही कार्ड लावून. याच भीतीपोटी बऱ्याच कंपन्या सांगतात की एका केबिनमधल्या एकानं दारूचं पॅकेज घेतलं, तर त्याच केबिनमधल्या बाकी सगळ्या प्रौढांनीही ते घ्यायचं. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल या दोन्ही मोठ्या कंपन्यांचा असा नियम आहे.

आता आपल्याकडची परिस्थिती बघा. नवरा घेतो, बायको शिवत नाही. किंवा खर्च वाचवायला एका केबिनमध्ये जावई आणि सासरे. सासरे माळकरी, दर एकादशीला उपास, आषाढीला पंढरपूर. त्यांच्या नावावर रोज साठ-सत्तर डॉलरचं दारूचं पॅकेज चढणार! (आमच्या सासऱ्यांना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी “विठ्ठल विठ्ठल” म्हणून पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.) काही कंपन्या विनंती केल्यावर, तब्येतीचं किंवा तसंच कारण असेल तर, त्या माणसाला बिनदारूचं स्वस्त पॅकेज घेऊ देतात. पण ते बुकिंगच्या वेळी फोन करून मागावं लागतं. वेबसाइटवर आपोआप दिसेलच असं नाही.

क्रेडिटला असली कोणतीच भानगड नाही. ते बहुधा केबिनच्या खात्यावर जमा होतं, सगळे मिळून वापरतात. सासऱ्यांनी त्यातून डोकं चोळून घेतलं, जावयानं बिअर घेतली, पोरांनी वायफाय घेतलं, तरी चालतं. दुकानात चालतं, किनाऱ्यावरच्या सहलीला चालतं, कॅसिनोत बहुधा चालत नाही. माझ्या मते क्रेडिटची खरी किंमत हीच आहे, आणि ‘ड्रिंक्स फ्री’ म्हणून ते विकणं म्हणजे किराणा दुकानाच्या कुपनाला साखरेचं कुपन म्हणण्यासारखं आहे.

हिशोब करू. आकडे धरलेले आहेत, प्रत्येक जहाजाचे वेगळे असतात, तारखेप्रमाणेही बदलतात. पॅकेज दिवसाला 70 डॉलर, वर 18 टक्के सेवाशुल्क, म्हणजे 82.60. ग्लास 12 डॉलर, तेच सेवाशुल्क लावून 14.16. भागून बघा: पॅकेज वसूल करायला दिवसाला जवळपास सहा ग्लास लागतात. पाच रात्रींचे दोन माणसांचे 826 डॉलर. डॉलर 90 रुपयांचा धरला तर 74,340 रुपये. एवढ्यात आमच्या गावात सोयाबीनच्या पेरणीचा बराच खर्च निघतो.

आणि 100 डॉलरचं क्रेडिट? त्यात सात ग्लास बसतात आणि 88 सेंट उरतात. दिवसाचे सात नव्हेत, पूर्ण सफरीचे, पूर्ण केबिनचे. मेहुण्याला मी हे रुमालावर लिहून दाखवलं, तेव्हा त्यानं हातातला तिसरा ग्लास जरा जपूनच खाली ठेवला.

सहा ग्लास म्हणजे दारूच असं नाही, हे मात्र सांगायला पाहिजे. चांगल्या पॅकेजमध्ये कॅफेतली कॉफी, ताजा रस, मॉकटेल, बाटलीबंद पाणी, कोल्ड्रिंक हेही येतं. दिवसात दोन कॅपुचिनो, एक रस, एक बाटली पाणी आणि संध्याकाळी दोन पेग, असे सहा होतात; पण कॉफी, पाणी ग्लासाएवढं महाग नसतं, म्हणून तेवढ्यानं पॅकेज पूर्ण वसूल होत नाही, फक्त दारूचे ग्लास कमी लागतात. नुसती दारू मोजून ‘आपल्याच्यानं होत नाही’ म्हणणारे इथं चुकतात, आणि ‘कितीही प्या’ ऐकून हुरळणारे दुसरीकडं. ‘कितीही’ला कुंपण असतं. कार्निव्हलच्या ‘चिअर्स’ पॅकेजमध्ये चोवीस तासांत दारूचे 15 ग्लास ही मर्यादा आहे. बहुतेक पॅकेजांमध्ये एका ग्लासाच्या किमतीलाही मर्यादा असते. त्यावरची महागडी व्हिस्की मागितली तर वरचे पैसे द्यावे लागतात. केबिनमधला छोटा फ्रीज बहुधा पॅकेजबाहेर असतो. त्यातली बाटली उघडली की बिल लागतं.

पाण्याचं थोडं वेगळं सांगतो, कारण आपण मराठवाड्यातले. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून 5 लाख लिटर. त्यानंतर पाणी विकत घ्यायचं असतं हे आमच्या अंगात भिनलंय. जहाजावर चढल्या चढल्या आमच्या बायकांनी आधी विचारलं, “पाण्याचा जार कुठं मिळतो?” तिथं समुद्राचंच पाणी शुद्ध करून गोडं करतात, बुफेतल्या नळावर ते फुकट मिळतं, साधा चहा, साधी कॉफीही फुकट. बाटलीतलं पाणी मात्र विकत. पहिल्या दिवशी आम्ही चार बाटल्या घेतल्या, क्रेडिटमधून. केवळ पाण्यासाठी पॅकेज घेणारे लोक मी पाहिलेत. त्यांनी घरची स्टीलची बाटली आणली असती तरी भागलं असतं.

क्रेडिट उरलं तर काय, हाही घोळाचा मुद्दा. स्वतःचे पैसे भरून घेतलेलं क्रेडिट बहुधा परत मिळतं. ऑफर म्हणून दिलेलं क्रेडिट शेवटच्या रात्री खाती बंद झाली की बुडतं. त्यामुळं शेवटच्या संध्याकाळी दुकानांत जी गर्दी होते, तिच्यात निम्मे लोक उरलेले डॉलर कुठंतरी जिरवत असतात. आम्हीही जिरवले. नांदेडला मेहुण्याच्या फ्रीजवर त्यातलं एक चुंबक अजून चिकटलेलं आहे.

एक फसगत दोन्हींच्या मधोमध बसते. पॅकेज निघायच्या आधी घेतलं तर सहसा जहाजावरच्या दरापेक्षा स्वस्त पडतं. पण क्रेडिट बहुतेक वेळा जहाजावर चढल्यावरच जागं होतं. म्हणजे ‘क्रेडिटमधूनच स्वस्तातलं पॅकेज घेऊ’ हा जो हुशार विचार प्रत्येकाला सुचतो, तो बऱ्याच कंपन्यांत चालत नाही. आणि ‘पॅकेज मोफत’ असं लिहिलं असेल तर सेवाशुल्क त्यात धरलंय का, ते विचारा. पॅकेज फुकट आणि त्याच्या छापील किमतीवरचं सेवाशुल्क मात्र रोख, अशाही ऑफर असतात.

पॅकेज कोणी घ्यावं, कोणी घेऊ नये, असा सल्ला मी देत नाही. मेहुणा पुढच्या वेळी पॅकेज घेणार, मी क्रेडिटवरच राहणार, आणि त्यासाठी आम्ही दोघं वेगवेगळ्या केबिन घेणार, एवढं ठरलंय.

गेल्या आठवड्यात त्याच एजंटाचा नव्या सफरीचा मेसेज आला: ‘बेव्हरेज इन्क्लुडेड’. मी लगेच विचारलं, “माणशी, दर दिवसाला का? की केबिनमागं रक्कम? सेवाशुल्क धरून का?” निळ्या टिका आल्यात. उत्तर यायचंय.