सॅम्पलिंग रेट म्हणजे बँडविड्थ नाही, राजेहो

गेमबॉय या हातातल्या व्हिडिओगेमच्या कार्ट्रिजमधे एडीसी (व्होल्टेजचे आकडे करणारी चिप) बसवून घरीच स्कोप (सिग्नलची वेव्ह स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) बनवणारे पोट्टे आता आमच्या खेड्यापाड्यातही निघालेत, मनापासून आनंद आहे, पण जो भेटतो तो हेच सांगतो की सेकंदाला 1 लाख सॅम्पल घेतो, तितक्यांदा व्होल्टेज मोजतो, म्हणजे स्कोप 100 किलोहर्ट्झचा झाला. नाही झाला भाऊ.

स्क्रीन 160 बाय 144 ठिपक्यांची, 8 बिटच्या एडीसीच्या 256 पायऱ्याच तिच्यात मावत नाहीत, 12 बिटवाल्या एडीसीवर पैसे घालू नका. प्रोसेसर 4.19 मेगाहर्ट्झचा, त्याच्याच लूपने वाचलं तर लाख-दोन लाख सॅम्पलवर दम संपतो, जास्त पाहिजे तर कार्ट्रिजवर वेगळी रॅम लावा. झालं.

आता खरा घोळ. बँडविड्थ ही एडीसीच्या आधीची गोष्ट, प्रोब (सर्किटला टेकवायची सुई), वायर, ऑपअँप (सिग्नल वाढवणारी चिप) यांची. रात्री बाजूच्या गावातलं भजन ऐकता तेव्हा मृदंग पोचतो आणि टाळ वाटेतच विरतात ना, तसं. 1 व्होल्टचा जिथे 0.7 व्होल्ट दिसायला लागतो ती तुमची बँडविड्थ. ती कमी पडली की चौकोनी वेव्ह गोलसर होते, उंची घटते, म्हणजे निदान संशय तरी येतो.

सॅम्पलिंग कमी पडलं की संशयच येत नाही. शेतातल्या थ्री फेजची पाळी घ्या, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. तुम्ही दर दुसऱ्या सोमवारी दुपारीच वावरात गेले तर शपथेवर सांगाल की लाइन कायम दिवसाच असते. तसंच 98 किलोहर्ट्झचा सिग्नल 1 लाख सॅम्पलवर एकदम स्वच्छ 2 किलोहर्ट्झ दिसतो. सोलर पंपाच्या कंट्रोलरमधे मला हाच दिसला आणि सर्किटमधे नसलेली फ्रिक्वेन्सी शोधण्यात माझे दोन दिवस गेले. सॅम्पलिंग 80 हजारावर आणून पाहा, तोच सिग्नल 18 किलोहर्ट्झ होतो. खरा 2 किलोहर्ट्झ असता तर जागचा हलला नसता.

म्हणून हळू एडीसीपुढे महागडा फास्ट ऑपअँप लावलेला पाहिला की मला राग येतो, कारण त्याने खोटं आणखी ठळक दिसतं. इथे बँडविड्थ मुद्दाम कमीच ठेवायची. 1 किलोओहमचा रेझिस्टर आणि 10 नॅनोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे आरसी फिल्टर, बँडविड्थ साधारण 16 किलोहर्ट्झ. एका आरसीने 98 किलोहर्ट्झचा सहावा हिस्सा तरी उरतोच, दोन लावा. आणि सॅम्पलिंगच्या निम्म्यापर्यंत चालतं हा नियम फ्रिक्वेन्सी ओळखण्यापुरता, वेव्हचा आकार पाहायचा तर एका सायकलला 10 ठिपके तरी पाहिजेत, म्हणून माझ्या 1 लाखवाल्या कार्ट्रिजवर मी 10 किलोहर्ट्झच लिहून ठेवलंय.